दुसऱ्या ब्रेकची जागा

बत्तीस वर्षांनी बाबांच्या मिलचे पैसे आले
आणि ते म्हणाले, गाडी घे.
मी म्हटलं, आधी दात बसवून घ्या.
ते म्हणाले, पोह्यांना दात लागत नाहीत.

म्हणून हा रविवार. देवास नाक्यापाशी
चौरडियांच्या यार्डात धुतलेल्या गाड्या,
काचेवर खडूनं भाव, टायरना काळं पॉलिश.
मला माझं बघणं आठवलं. ते लोक
चहा अर्धा ठेवून गेले होते. असो.

"पांढरी, चौदाची, सिंगल हँड," चौरडिया म्हणाले,
"मॅडम चलाती थी, सिर्फ कॉलनी में."
सगळ्याच जुन्या गाड्या कुणी ना कुणी मॅडम
फक्त कॉलनीत चालवत असतात.
इतक्या मॅडम इंदुरात राहतात तरी कुठे?

सोबत नासिरमियाँ. वीस वर्षं
माझी स्कूटी त्यांच्याच जिवावर चाललीय.
त्यांनी स्टेपनीखालचा गंज नखानं खरवडला,
दाराचं रबर ओढून वेल्डिंगचे ठिपके मोजले
आणि एक शब्द बोलले नाहीत.
ते गप्प असले की भाव उतरतो
हे चौरडियांनाही माहीत असावं.

बाबांनी नुसता बॉनेटवर तळवा ठेवला,
डोळे मिटले,
चालत्या मागावर ठेवायचे तसा.
"तिसऱ्यात," म्हणाले, "धागा तुटतोय."
यार्डातली पोरं हसली.
नासिरमियाँनी तिसरा प्लग काढला.
काळाकुट्ट, ओला.
पाच हजार तिथंच कमी झाले.

मग डाव्या सीटपुढचं मॅट उचललं.
पत्र्यात दोन भोकं, बोटभर,
रबराची बुचं ठोकून बुजवलेली.
चौरडिया फोनवर बोलू लागले.
फोन वाजला नव्हता.
"ये तो स्कूल की है," नासिरमियाँ म्हणाले.

शिकवणीची गाडी.
इथं दुसरा ब्रेक होता, मास्तरांच्या पायाशी.
म्हणजे मॅडम होत्या. खोटं नव्हतं अगदी.
पुष्कळ मॅडम, ओढणी कमरेला खोचून,
आणि पेन्शनीतले काका, आणि बारावीची पोरं.
कुणी झटक्यात क्लच सोडला,
कुणी पुलाच्या चढावर मागं घरंगळलं,
कुणी बंगाली चौराह्यावर मधोमध बंद पाडून
कानांपर्यंत लाल होत बसून राहिलं.
क्लच तर गेलेलाच.
नासिरमियाँनी मान हलवली: नको, बेन, याहून बरी मिळेल.

आणि मला तीच हवीशी झाली.
पन्नाशीत लायसन काढलंय मी.
माझा हात अजून गियरपाशी जाऊन
परवानगी मागितल्यासारखा थांबतो.
माझ्याहून घाबरलेले इतके पाय जिनं सोसले
तिच्यापुढं लाज कसली.

चौरडिया आणखी वीस हजार उतरले,
क्लच बदलायचं काम त्यांच्याच माथी मारलं.
बाबांनी नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या.
अंगठा जिभेला लावून तिसऱ्यांदा.
कुणी घाई केली नाही.
मिलचा हिशेब होता, एकदा तरी बरोबर यायला हवा.

चार दिवसांनी घरी आणताना, परदेशीपुऱ्यात,
मिलच्या लांबच लांब भिंतीशी
एक सायकलवाला आडवा आला.
मी ब्रेक दाबला. त्याच क्षणी शेजारी
बाबांचा पाय, चप्पल काढलेला,
त्या दोन बुचांवर गच्च टेकला.
गाडी थांबली.

"कुणाच्या ब्रेकनं थांबली?" मी विचारलं.
ते भिंतीकडे बघत नव्हते.
"तिसरा आता नीट वाजतोय," म्हणाले.

इंजिन बंद पडलं होतं. मी किल्ली फिरवली.
पहिला गियर दुसऱ्या खेपेला लागला.
मागं हॉर्न, मग दोन, मग सगळेच.
"वाजू दे," बाबा म्हणाले.
पाय तिथंच होता.